टोळीची हजेरी

दुपारचे अडीच वाजले असतील. गोकुळा तोडकर सोप्यात चटई टाकून आडवी झाली आहे. गेल्या तीन आठवड्यांत तिला सलग तासभरही झोप लागलेली नाही. आज मात्र पाठ टेकली आणि पापण्या आपोआप जड व्हायला लागल्या. आतल्या उंबऱ्याशी तिची सून तृप्ती शेंगा फोडत बसली आहे. शेंग फुटल्याचा आवाज, मग दाणे सुपात पडल्याचा, मग पुन्हा शेंग. गोकुळाला ते ऐकू येतं आहे, पण लांबून, पलीकडच्या गल्लीत कुणी काही करत असावं तसं.

कॅन्सर नाही. आज सकाळी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. गोकुळानं दोनदा विचारलं, तेव्हा बाईंनी दोनदा सांगितलं.

सुरुवात झाली होती ती डोळ्यांपासून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढला आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच थांबवलं. दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे होते आणि उजवीकडे खाली लिंबाएवढी एक गाठ. मग मोठा दवाखाना, मोठं मशीन, बरगड्यांच्या मधून घातलेली सुई आणि आठ दिवस वाट बघणं. नवरा छातीच्या कॅन्सरनं गेलेला. त्यामुळं घरात कुणी तो शब्द उच्चारला नाही, पण जेवताना, दिवा लावताना, नळाला पाणी आल्यावर, सगळ्यांच्या मनात तोच होता.

आज डॉक्टर शहनाज मुल्ला यांनी फोटो उजेडावर धरून समजावून सांगितलं. गाठ म्हणजे फुफ्फुसाचाच एक कोपरा आत मुडपला होता, पदर मुडपावा तसा. त्यापासून भीती नाही, पण दरवर्षी दाखवायला यायचं. मग त्यांनी चट्ट्यांवर पेन ठेवलं.

"मावशी, तुम्ही कुठल्या कारखान्यात कामाला होता?"

"मी? मी कुठं न्हाई. घरातच."

"हे चट्टे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत. कारखान्यात वापरतात ती भुकटी घरात कशी येईल?"

गोकुळानं बोटांच्या पेरांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "मालकांची कापडं धुत हुते. एकोनीस वर्सं. धुयाच्या आदी झटकायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मालक काय काम करायचे ते विचारलं. गोकुळानं सांगितलं. माळावरच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लॅगिंगची टोळी होती. वाफेचे तापलेले पाइप पांढऱ्या लोकरीसारख्या कसल्याशा पट्ट्यांत गुंडाळायचे आणि वरनं लिंपायचे, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. टोळीतली माणसं त्याला पाइपाला गोधडी घालणं म्हणायची. तिचे मालक, भैरू, त्या टोळीचे मुकादम.

"त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण होतं? त्या सगळ्यांची छाती तपासायला हवी, मावशी. हा आजार तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. लवकर सापडला तर हातात काहीतरी असतं. मला नावं देता का?"

नावं गोकुळाला ठाऊक नव्हती. ठेकेदार कधीच गाशा गुंडाळून गेला होता आणि त्याच्याबरोबर त्याचं हजेरीबुक. भैरू घरी बोलायचा तो टोपणनावांनी. पैलवान असं म्हणाला, टेलरनं तसं केलं.

परत येताना एसटीत मुलगा, संग्राम, तिला म्हणाला, "आई, देवाच्या दयेनं सुटलो आपण. आता मिटलं. कोर्टाच्या वेळचं जुनं उकरत बसू नगंस."

ती मनातल्या मनात टोपणनावं मोजत होती.

आता शेंगांचा आवाज आणखी लांब गेला आहे. चटईच्या काड्या गालाला लागताहेत, त्याही लागेनाशा होतात.

परड्यातून पाण्याचा आवाज येतो आहे.

गोकुळा उठून मागच्या दारात जाते. धुण्याच्या दगडापाशी भैरू उकिडवा बसला आहे आणि स्वतःचा खाकी शर्ट धुतो आहे. अंगात बनियन, चड्डी. जन्मात ह्या माणसानं रुमालसुद्धा धुतला नव्हता. साबण नुसता वरवर फिरवतो आहे.

"असं नव्हं," गोकुळा म्हणते. "काखंत घासा. कॉलरीला घासा."

भैरू दचकून वर बघतो आणि हात आडवा करतो.

"लांब ऱ्हा! हिकडं येऊ नगंस. त्या अंगाला जा, वारं हिकडनं हाय."

ती निमूट दोन पावलं सरकते, पेरूच्या झाडाकडे. पेरू कधीच तोडून टाकला होता, पण आहे. वारा तिच्या पाठीमागून भैरूकडे वाहतो. तेव्हा कुठं तो हात खाली घेतो.

"तुमी कदी आलासा?" ती विचारते.

"मी हितंच हाय की. तू कशाला आलीस?" त्याच्या आवाजात राग नाही, भीती आहे. "सुई घातली म्हनं तुज्या छातीत. खरं सांग. काय निगालं?"

"काय न्हाई निगालं."

"माज्या गळ्याची आन?"

गोकुळाला हसू येतं. मेलेल्या माणसाच्या गळ्याची शपथ घ्यायची कशी? "आन कशाला? बाईनं सांगितलं. कॅन्सर न्हाई. नुसता कोपरा मुडपलाय."

भैरू ओला शर्ट दगडावर ठेवतो. गुडघ्यांवर हात टेकवून खाली बघत राहतो. मग श्वास सोडतो, लांबलचक. गोकुळा कान देऊन ऐकते. त्या श्वासात शिट्टी नाही, घरघर नाही. शेवटचे चार महिने तो गव्हाच्या पोत्याला टेकून बसल्या-बसल्याच झोपायचा, आणि तिनं रात्रभर ती शिट्टी मोजलेली होती. आता श्वास आत जातो, बाहेर येतो, मधे कुठं अडत नाही.

"मग तू ऱ्हायला न्हाई आलीस," तो म्हणतो.

"न्हाई. सांगायला आले. मला तृप्तीला शेंगा फोडू लागायच्या हाईत."

"बरं झालं," भैरू म्हणतो. "लई बरं झालं बग."

तो शर्ट पिळतो आणि दोरीवर टाकतो. दोरी परड्याच्या भिंतीपाशी संपत नाही. भिंत नाहीच तिथं. दोरी पुढं जाते, जाडजूड होते, आणि गोकुळा तिच्याखालून चालायला लागते तेव्हा वर दोरी नसते, पाइप असतात. माणसाच्या कमरेएवढे जाड, पांढऱ्यात गुंडाळलेले, ओळीनं वर गेलेले. भैरू शिडी चढतो आहे. भराभर, एकदाही न थांबता.

कारखाना तिनं आतून कधी पाहिला नव्हता. डबा द्यायला गेली तरी फाटकापर्यंतच. आता ती आत उभी आहे आणि छपराच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली आला आहे. त्या पट्ट्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगतं आहे. सावरीच्या कापसासारखं. चमकतं. तिला ते देखणं वाटतं.

"पदर लाव नाकाला!" वरून भैरू ओरडतो.

ती पदर लावते आणि पदरातूनच विचारते, "तुमी का न्हाई लावलासा?"

भैरू शिडीच्या मधल्या पायरीवर बसतो. पाइपावरची पट्टी चाचपतो.

"एक सायब आला हुता," तो म्हणतो. "लांबचा. काम बगाय. त्याच्या तोंडाला मुसकं हुतं, मळनीच्या बैलाला बांदत्यात तसलं. आमी सगळी हसलो. पैलवान तर त्याच्या मागनं हंबारत गेला. सायब काय बोलला न्हाई. पाच मिंटं हुबारला आन् गेला. त्या रातीला माज्या मनात आलं, ह्यो मानूस पाच मिंटांसाटी मुसकं बांदतोय आन् आमी दिवसभर हितं उगड्या तोंडानं. मनात आलं हुतं, गोकुळे. मी कुनाला बोललो न्हाई."

"का?"

"मुकादम हुतो. मी बोललो असतो तर काम हुबं ऱ्हायलं असतं."

गोकुळाच्या छातीतून काहीतरी वर येतं. भैरू गेला त्या दिवशी ती रडली, दिवस-कार्याला रडली, पण ह्या माणसावर चिडायचं राहूनच गेलं होतं. आजारी माणसावर कसं चिडायचं? मग मेलेल्यावर कसं?

"आन् कापडं?" ती पदर काढून म्हणते. "कापडं हितं टाकून यायला काय झालं हुतं? रोज पांडरं हून दारात यायचासा. पोराला तसंच उचलून घ्यायचासा! मी म्हनायचे, पिठाच्या गिरनीतनं आलासा काय, आन् तुमी हसायचासा. मनात आलं हुतं तर हसलासा कसं?"

"एक नळ हुता. सगळ्या टोळ्यांची मिळून चाळीस मानसं. सा वाजता पानी बंद."

"मग भांडायचं!"

"व्हय."

"ठेकेदाराच्या दारात बसायचं!"

"व्हय. बसाय पायजे हुतं," भैरू म्हणतो. कारण सांगत नाही, दोष कुणावर टाकत नाही. शिडीवरून उतरतो आणि तिच्यापासून चार हातांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहतो. "माज्या छातीत गेलं त्याचं मला काय न्हाई. तुज्या छातीत मी घालून गेलो. फोटो काडलास त्या दिसापासनं हितं एका जागी बसलो न्हाई मी."

आणि गोकुळाचा राग, अकरा-बारा वर्षं कुठं तरी बांधून ठेवलेला, मोकळा झाल्यावर फार लांब पळत नाही. तिथंच जरा घुटमळतो आणि बसतो. तिला हलकं वाटतं. आता तिची पाळी आहे.

"मलाबी एक सांगायचंय," ती म्हणते.

ती हे म्हणते तेव्हा तिच्या हाताखाली गुळगुळीत लाकडी कठडा असतो. कोर्टातला. समोर खुर्चीवर कुणी नाही, पण पंखा तोच, गरगरताना मधेच अडखळणारा. इथं तिनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं होतं, कारखान्याच्या वकिलानं तीनदा विचारल्यावर. आणि त्यानंतर त्यानं अगदी गोड आवाजात विचारलं होतं, बाई, तुमचे पती बिडी ओढायचे का?

"मी व्हय म्हनाले," गोकुळा सांगते. "म्हनाले, दिसाला सा-सात. शपथ घेतली हुती गीतेवर, खोटं कसं बोलू? आन् कोर्टानं ल्हिवलं, बिडीनं गेला. झालं. भरपाईचा खटला पडला. भाऊजी म्हनाले, वैनी, एकदा न्हाई म्हनली असतीस तर काय बिगडलं असतं? आपलं तर गेलंच, टोळीतल्या बाकीच्यांचीबी वाट बंद केलीस. टोळीतल्यांनी मग नाद सोडला. त्यास्नी वाटलं, बिडी सोडली की झालं."

ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते.

"तुमाला बिडीनं मारलं असं मी कागदावर ल्हिवून घेतलं."

भैरू कठड्याच्या पलीकडे, जिथं वकील उभे राहतात तिथं, उभा आहे. बनियन आणि चड्डीवर. डोकं खाजवतो.

"वडत हुतो की मी," तो म्हणतो.

"काय?"

"बिडी. वडत हुतो. तू किती सांगायचीस, मी परड्यात जाऊन वडायचो. मग न्हाई कशाला म्हनायचं? खोटं बोलून आली असतीस तर मलाच लाज वाटली असती." मग तो विचारतो, "डाक्टरीन काय म्हनली? बिडीनं का भुकटीनं?"

"दोनीनं. म्हनली, दोनी एकत्र आली की बेरीज न्हाई हुत, गुनाकार हुतो. आन् म्हनली, बिडी त्यांची हुती, पर भुकटी कुनाची?"

"हां!" भैरू कठड्यावर हात आपटतो. "ह्ये इचारायचं हुतं तितं. भुकटी कुनाची?"

"मला तवा सुचलं न्हाई."

"तुला कसं सुचंल? ते आपल्या वकिलाचं काम. तू तुजं काम केलंस, खरं बोललीस." तो तिच्याकडे नीट बघतो. "आन् तू तर कदी बिडीला शिवली न्हाईस."

"शिवायचं सोडा, मला वास सोसायचा न्हाई."

"मग तुज्या छातीत चट्टे कशाचे? आता म्हन म्हनावं त्या वकिलाला, बाई बिडी वडत हुती."

गोकुळा कठडा धरून उभी राहते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं ते का, हे तिला आत्ता उमजतं. अकरा वर्षं जे कुणी मान्य केलं नाही ते तिच्या बरगड्यांच्या आत छापलेलं आहे, आणि त्यानं तिचा जीवही घेतलेला नाही. तिला एकाच वेळी हसू येतं आणि रडू येतं, आणि ती दोन्ही करते.

कुणीतरी पंखा बंद केला आहे. चहाचा वास येतो. कोर्टाचे बाक आता कारखान्याच्या कँटीनचे बाक आहेत, पत्र्याच्या टेबलांसमोर मांडलेले. पाच माणसं तिच्याकडे पाठ करून ओळीनं बसली आहेत. पाचांचीही डोकी पांढरी, पण ते वयानं की भुकटीनं हे कळत नाही.

भैरू एक कप तिच्यापुढं सरकवतो आणि पटकन मागं घेतो.

"नगं. तू काय घिऊ नगंस हितलं."

"ठाव हाय मला," गोकुळा म्हणते. तिच्या आईनं लहानपणीच सांगितलं होतं, मेलेल्या माणसानं स्वप्नात काही दिलं तर घ्यायचं नसतं, मग ते अमृत का असेना. "खायाप्यायाचं नगं. मला नावं द्या. नावं घेतली तर चालतात."

"कुनाची?"

"टोळीची. डाक्टरीन म्हनली, सगळ्यांच्या छात्या बगाय पायजेत. मला पैलवान ठाव हाय, टेलर ठाव हाय. अशा नावानं दवाखान्यात कोन इचारनार?"

भैरू ओळीकडे बघतो. त्याचा चेहरा एकदम मुकादमाचा होतो, सकाळच्या पाळीला फाटकाशी उभा राहायचा तसा. कमरेवर हात.

"पैलवान!"

पहिला माणूस हात वर करतो. मागं वळत नाही.

"का बगत न्हाई त्यो हिकडं?" गोकुळा हळूच विचारते.

"जित्ती मानसं हाईत ती. जित्त्यांची तोंडं हितनं दिसत न्हाईत." आणि मोठ्यानं, "ज्ञानू आंबी. सावतवाडी, भुदरगडाच्या अंगाला. अंगानं एवडा, पर सुईला लई भितोय. हळू सांग त्याला."

गोकुळा नाव तोंडात घोळवते. ज्ञानू आंबी, सावतवाडी.

"गवळन!"

दुसरा हात. भजनात गवळणी गायचा म्हणून. "विष्णू सुतार. कागलाजवळ, धाकटी माळेवाडी. पोराकडं पुन्यात असंल, पर गावात इचारलं की कळंल."

"शिंगरू!"

"शिंगरू तर पोरगा हुता," गोकुळा म्हणते.

"आता पन्नाशीचा हाय. तानाजी वरुटे. बिद्रेवाडी. त्याला पैलं गाठ. सगळ्यात कमी वरसं त्यानंच काडली, पर भुकटीच्या गोन्या फोडायचं काम त्याच्याकडंच हुतं."

चौथ्या माणसाला भैरू लगेच हाक मारत नाही. मारतो तेव्हा आवाज उतरलेला असतो.

"टेलर."

चौथा माणूस हात वर करत नाही. तो बाकावर सावकाश वळतो आणि गोकुळाकडे तोंड करून बसतो. तिला तो चेहरा आठवतो. एका ईदला हाच शीरखुर्म्याचा डबा घेऊन दारात आला होता. तो तिला सलाम करतो आणि हसतो.

"रमजान मुजावर. त्यो दोन सालामागं आला," भैरू म्हणतो. "त्याच्या बायकोला भेट. तीबी कापडं धूत हुती."

गोकुळा हात जोडते. हे आपल्या डोक्यात आलंच नव्हतं, तिला वाटतं. माणसं पाच नाहीत. प्रत्येक माणसामागं एक धुण्याचा दगड आहे.

"आन् पाचवा?"

पाचवा माणूस हात वर करून बसलेला आहे, न बोलावताच. भैरू त्याच्या पाठीकडे बघत राहतो आणि ओशाळतो.

"ह्याचं नाव मला ठाव न्हाई."

"काय म्हनतासा? सात वरसं तुमच्या हाताखाली हुता!"

"मास्तरच म्हनायचो आमी. पेपर वाचून दाखवायचा. गडहिंग्लजच्या बाजूचा. न्हाई इचारलं कदी." मुकादमाचा चेहरा पुन्हा साध्या माणसाचा होतो. "पैलवानाला ठाव असंल. त्येंचं जमायचं."

पाचव्या माणसाचा हात वरच आहे. गोकुळाला तो खाली घ्यायला सांगावंसं वाटतं, पण कुठल्या नावानं सांगायचं?

"म्हन बगू आता," भैरू म्हणतो. "विसरशील. मोट्यानं म्हन."

ती म्हणते. शाळेत पाढे म्हणायची तशी, एकेक नाव, एकेक गाव. भैरू मान हलवतो. चुकलं तिथं सुधारतो. ती पुन्हा म्हणते. टेबलं, बाक, पांढरी डोकी उन्हाच्या पट्ट्यात पुसट होत जातात, पण भैरू अजून दिसतो आहे, चार हातांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. त्याचा खाकी शर्ट वाळला आहे आणि तो घालतो आहे. स्वच्छ निघाला आहे शर्ट.

"जमलं की तुमाला धुयाला," ती म्हणते.

"एकदा झालं," भैरू म्हणतो. "जा आता. बोलत बसू नगंस."

"आई! ओ आई!"

गोकुळा डोळे उघडते. ऊन सोप्याच्या पायरीवर आलं आहे, म्हणजे चार वाजत आले. गालावर चटईचे वळ उठलेत, घसा कोरडा पडला आहे. समोर तृप्ती गुडघ्यांवर बसली आहे, डावा हात उताणा, स्वतःपासून लांब धरलेला, नुकतीच मेंदी काढल्यासारखा.

"किती दचकले मी," तृप्ती म्हणते. "तुम्ही झोपेत मोठमोठ्यानं बोलायला लागला. आधी वाटलं ताप चढला. मग बघते तर हजेरी! नाव, गाव, नाव, गाव. एकच एक तीन-तीनदा. डॉक्टरांनी सकाळी नावं विचारलेली ह्यांनी मला सांगितलं होतं. म्हटलं कागद शोधायला आत जावं आणि तुम्ही गप्प व्हाल. देवळीत पेन होतं. म्हणून..."

गोकुळा उठून बसते आणि तिचं मनगट धरते. तळहातावर, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत, निळ्या शाईत ओळी आहेत. घामानं कडेला थोड्या पसरलेल्या, तरी वाचता येतात. डोळ्यांत मोतीबिंदू असूनही तिला वाचता येतात. ज्ञानू आंबी, सावतवाडी. विष्णू सुतार, धाकटी माळेवाडी. तानाजी वरुटे, बिद्रेवाडी. रमजान मुजावर, आणि पुढं कंसात, बायको. आणि बोटांच्या पेरावर, जागा संपली म्हणून, मास्तर. त्यापुढं प्रश्नचिन्ह.

ही नावं कधी तरी जेवताना, आजारपणात, भैरूच्या तोंडून निसटली असतील आणि तिच्या कानात पडून राहिली असतील. असंही असेल. गोकुळाला त्याच्याशी आज काही देणंघेणं नाही.

"सावतवाडी," तृप्ती हाताकडे बघत म्हणते. "माझ्या मामाच्या गावापासून दोन मैल. लावू का फोन मामाला?"

"संग्राम काय म्हनंल?"

"त्यांना मी बघते."

ती उजव्या हातानं फोन लावते, डावा तसाच हवेत. मामा फोन उचलतो, जेवणखाण विचारतो, पाऊसपाणी सांगतो. तृप्ती मधेच विचारते, सावतवाडीत ज्ञानू आंबी म्हणून कुणी आहे का, पूर्वी पोलाद कारखान्यात होते? पलीकडचा आवाज फोनातून सोप्यात ऐकू येतो.

"पैलवान व्हय? हाय की. आत्ता हितंच आलाय, म्हशीचं औषद न्यायला. देऊ का फोन त्याला?"

तृप्ती सासूकडे बघते. गोकुळा हात पुढं करते, फोन घेते, कानाला लावते. पलीकडे कुणीतरी चपला वाजवत जवळ येतं आहे. खोकतं, घसा साफ करतं.

"हॅलो? कोन बोलतंय?"

गोकुळा छातीभर श्वास घेते. सुई टोचलेल्या जागी थोडं दुखतं, तेवढंच.

"पैलवान, मी भैरूची मंडळी, गोकुळावैनी," ती म्हणते. "भिऊ नगा. बसा आदी खाली."